पुण्याहून जाऊन वाळूतला डायोपेट्रा बघायचा असेल तर

समुद्राच्या वाळूत राहणारे केसाळ कृमी, म्हणजे पॉलिकीट, अभ्यासायचे म्हटलं की नवखा माणूस आधी फावडं शोधतो. डायोपेट्राच्या बाबतीत फावडं सगळ्यात शेवटी लागतं, बहुतेक वेळा लागतच नाही. हा कृमी वाळूत उभी नळी बांधून राहतो आणि नळीचं टोक वाळूच्या वर काही सेंटीमीटर काढून ठेवतो. त्या टोकावर शिंपल्यांचे तुकडे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, त्यामुळे पत्ता त्यानंच लावून ठेवलेला असतो. तो वाचायला शिकलात तर खणाखणीपेक्षा जास्त माहिती हाती येते आणि किनाराही शाबूत राहतो.

हा लेख पुण्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि हौशी निसर्गअभ्यासकांसाठी आहे. समुद्र चार-पाच तासांच्या अंतरावर आहे आणि ओहोटीचे कामाचे तास जेमतेम तीन. बहुतेक फेऱ्या फुकट जातात त्या वेळेच्या चुकीमुळे, म्हणून सुरुवात तिथूनच.

तारीख पंचांगावरून ठरवा

कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणनं गुणायचं. तृतीया असेल तर तीन गुणिले पाऊण म्हणजे सव्वादोन. पहाटे आणि दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्यानंतर साधारण सहा तास बारा मिनिटांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण, दोन्ही पक्षांत हाच हिशेब चालतो. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून निघण्याआधी सर्व्हे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. तारीख निवडायला मात्र भिंतीवरची दिनदर्शिका पुरते.

आता यातली मेख. पुण्याहून पहाटे सहाला निघून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला पोचेपर्यंत अकरा वाजतात. ‘दुपारी बाराला ओहोटी’ असलेला दिवस शोधला की हमखास अष्टमी निघते: आठ गुणिले पाऊण म्हणजे सहाला भरती, बाराला ओहोटी. सोयीचा वाटणारा हा दिवस भांगाचा, म्हणजे सगळ्यात लहान भरती-ओहोटीचा असतो. पाणी मागे सरकतं ते थोडंच, आणि डायोपेट्राचा पट्टा पाण्याखालीच राहतो. आपल्या किनाऱ्यावर उधाणाची मोठी ओहोटी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ याच वेळांत येते. संध्याकाळची अंधारात जाते. तेव्हा पौर्णिमा-अमावास्येनंतरची द्वितीया, तृतीया किंवा चतुर्थी पकडा, आदल्या रात्री किनाऱ्याजवळ मुक्कामाला जा, आणि पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी वाळूवर उतरा. एका दिवसात जाऊन यायचा हट्ट धरलात तर समुद्र दिसेल, कृमी नाही.

हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात, खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी येतं, आणि ऑगस्टमध्ये काढलेल्या आकड्याची जानेवारीच्या आकड्याशी तुलना करताना नक्की काय बदललं, कृमी की किनारा, हे सांगता येत नाही. ज्यांना मुद्दाम तो बदलच मोजायचा आहे त्यांनी मेअखेर आणि ऑक्टोबर अशा दोन फेऱ्या ठेवाव्यात.

पुण्यात करायची तयारी

चौकट: अर्धा इंची पीव्हीसी पाइप आणि चार एल्बो घेऊन आतली बाजू बरोबर ५० सेंटीमीटर येईल अशी चौकट करा. आतली, बाहेरची नव्हे. एल्बोमुळे दीड-दोन सेंटीमीटरचा फरक सहज पडतो. आतलं क्षेत्रफळ पाव चौरस मीटर होतं, म्हणजे एका चौकटीतल्या नळ्यांना चारनं गुणलं की चौरस मीटरचा आकडा. पाइपला दोन-तीन भोकं पाडून ठेवा, नाहीतर साचलेल्या पाण्यात चौकट तरंगते.

नमुन्याचा पाइप: चार इंची पाइपचा ३० सेंटीमीटरचा तुकडा घ्या, खालची कड कानशीनं धारदार करा, आणि २० सेंटीमीटरवर बाहेरून रंगीत चिकटपट्टी लावा. वरच्या तोंडाला टोपण बसवून त्याला अंगठ्यानं झाकता येईल एवढं एकच भोक ठेवा. पाइप वाळूत ढकलताना भोक उघडं, ओढताना बंद. हे भोक बंद करायचं विसरलात तर पाइप वर येतो आणि वाळू खालीच राहते. चार इंची पाइपचा आतला व्यास त्याच्या जाडीप्रमाणे बदलतो, तेव्हा स्वतः मोजा. तो १०.४ सेंटीमीटर भरला तर क्षेत्रफळ सुमारे ८५ चौरस सेंटीमीटर. असे पाच नमुने म्हणजे ४२५, आणि त्यांतल्या एकूण प्राण्यांना २३.५ नं गुणलं की चौरस मीटरमागचा आकडा.

चाळण: इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डोळ्यांना दिसणारे बहुतेक वाळूतले प्राणी अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीवर अडकतात, आणि बहुतेक अभ्यासांत जाळी ०.५ किंवा १ मिलिमीटरचीच असते. प्रमाणित चाळणीवर ०.५ मिलिमीटरसाठी ३५ आणि १ मिलिमीटरसाठी १८ असा क्रमांक असतो. महाग वाटली तर रविवार पेठेतल्या बोहरी आळीत स्टेनलेस स्टीलची जाळी सुटी मिळते. तिथे ‘बारीक द्या’ म्हणून भागत नाही. पट्टी लावून एका सेंटीमीटरमधली भोकं मोजा. चौदा-पंधरा भरली तर तारेची जाडी वजा जाता भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येतं. ही जाळी तळ कापलेल्या प्लास्टिकच्या टबाला पक्की बसवा. चहाची गाळणी चालत नाही. तिची भोकं मोठी असतात, शिवाय वाळूच्या वजनानं ती पोटातून खाली लोंबते.

चाळण झाली की गच्चीवर तिची परीक्षा घ्या. बांधकामाच्या वाळूतून एक पाइपभर नमुना काढा, त्यात खसखशीचे मोजून ५० दाणे आणि दोन-दोन सेंटीमीटरचे लाल लोकरीचे २० धागे मिसळा, आणि बादलीतल्या पाण्यात चाळा. धागे सगळे मिळालेच पाहिजेत. खसखस ४५ पेक्षा कमी मिळाली तर एकतर जाळी मोठी आहे, किंवा कडेच्या चिकटवणीत फट आहे, किंवा तुम्ही चाळण पाण्याच्या पातळीखाली बुडवताय आणि दाणे काठावरून वाहून जातायत. तिन्ही चुका पुण्यात सापडलेल्या बऱ्या.

बाकी सामान थोडक्यात: दोन बादल्या, एक घमेलं, वीस मीटरची दोरी (दर मीटरला गाठ मारलेली), जाड प्लास्टिकच्या पिशव्या, रुंद तोंडाच्या बाटल्या, बोथट चिमटा, ड्रॉपर, भिंग, तापमापक आणि पेन्सिल. पेन्सिलच, कारण बॉलपेनची शाई पाण्यात आणि अल्कोहोलमध्ये पसरते. लेबल ट्रेसिंग पेपरवर लिहून नमुन्याच्या आत टाका. पिशवीवर बाहेरून लिहिलेलं घाट उतरेपर्यंत पुसलं जातं.

जागा कशी निवडायची

डायोपेट्राला लाटांचा मार सोसत नाही, आणि नुसता चिखलही नको असतो. पायाखाली घट्ट लागणारी, ओली राहणारी, बारीक वाळू आणि तिच्यात थोडा गाळ अशी जागा शोधा: खाडीच्या मुखाजवळचा सपाट भाग, खडकाळ टोकाच्या आडोशाची पुळण, किंवा अलिबागसारखा उथळ उताराचा किनारा, जिथे ओहोटीत कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं. उभ्या उताराची, जाडसर वाळूची, लाटा आपटणारी पुळण लांबून देखणी दिसते, पण तिथे नळी टिकत नाही. मुंबईजवळ उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत चार मीटरहून जास्त फरक पडतो, आणि दक्षिणेला जावं तसा तो कमी होतो. म्हणून उत्तर रायगडात उघडी पडणारी पट्टी रुंद मिळते आणि नवख्याला तीच बरी.

मालवणचं सागरी अभयारण्य पहिल्या फेरीसाठी निवडू नका. तिथे वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही गोळा करता येत नाही. इतरत्रही मोजणी आणि फोटोंच्या पलीकडे जाऊन नमुने आणायचे असतील तर कॉलेजचं पत्र आणि लागेल ती परवानगी आधी घ्या. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर, दिवेआगर या भागात हिवाळा-उन्हाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी असतात. ती भरतीरेषेच्या वर असतात आणि आपलं काम पार खाली, तरी गाडी आणि पावलं वरच्या कोरड्या वाळूतूनच जातात. बांधलेल्या कुंपणापासून लांबून चला.

नळी ओळखणं

पाणी ओसरत जातं तसं त्याच्या मागे मागे चालत जा. सूर्य तिरपा असेल तर नळ्यांच्या सावल्या लांबूनच दिसतात. जवळ जाऊन उकिडवे बसा. करंगळीएवढा किंवा त्याहून बारीक एक खुंट वाळूतून वर आलेला असतो, बहुधा वरच्या टोकाला एका बाजूला वाकलेला. त्यावर शिंपल्यांचे चपटे तुकडे, काटक्या, शेवाळ्याचे तुरे चिकटवलेले असतात, आणि प्रत्येक तुकड्याची कड बाहेर काढलेली असते. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. वाकलेल्या टोकाच्या खालच्या अंगाला तोंड असतं. आतून ही नळी चर्मपत्रासारखी गुळगुळीत आणि चिवट असते. कृमी अंगातून पाझरणाऱ्या चिकट द्रवानं हे अस्तर करतो आणि वाळू-शिंपले त्यावर डकवतो. वाळूच्या खालच्या भागात सजावट जवळजवळ नसते, नुसती वाळू चिकटलेली असते. वर दिसतो तो भाग थोडाच, नळी खाली हातभर किंवा त्याहून खोल गेलेली असू शकते.

वाळूवर इतरही बरीच मंडळी खुणा सोडतात. भोकाभोवती मिरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी असेल तर ते वाळू खाणारे चिमुकले खेकडे. वरच्या कोरड्या वाळूतलं मोठं, तिरकं बीळ भुताळी खेकड्याचं. शेवया पिळून ठेवल्यासारखा वाळूचा ढीग दिसला तर खाली वाळू गिळणारा प्राणी आहे: लगवर्म किंवा बॅलॅनोग्लॉसस. बॅलॅनोग्लॉसस हा पॉलिकीट नव्हेच. हातात सुटी येणारी, आइस्क्रीमच्या कोनासारखी, वाळूच्या एकेरी थराची नाजूक नळी पेक्टिनेरियाची. टोकाला वाळूच्या दशा फुटलेली नळी टेरेबेलिड कुळातल्या कृमीची. खडकावर मधाच्या पोळ्यासारखा वाळूचा थर असेल तर ते सॅबेलॅरिड. आणि शिंपल्यांचा नुसता कचरा म्हणजे नळी नव्हे: खुंट हलक्या हातानं हलवून बघा, मूळ धरलेलं लागलं पाहिजे.

पुढचा प्रश्न, आत कोणी आहे का? रिकाम्या नळ्या बराच काळ उभ्या राहतात, त्यामुळे सरसकट मोजल्या तर आकडा फुगतो. जिवंत नळीचं तोंड उघडं असतं, वरचे तुकडे घट्ट आणि ताजे असतात. मेलेल्या नळीचे तुकडे गळालेले, अस्तर फाटकं, तोंडात वाळू भरलेली. शंका असेल तर पाणी साचलेल्या जागची नळी निवडा, तिच्यावर आपली सावली पडणार नाही असं बसा आणि दहा मिनिटं हलू नका. कंप आणि सावली दोन्ही त्याला कळतात. पाय आपटत आलात तर तो खोल जातो. नशीब असेल तर आधी डोक्यावरच्या पाच शिंगिका (मिशांसारखे स्पर्शक) दिसतात, त्यांचे बुंधे कडी-कडीचे, आणि मग मागचे तांबडे कल्ले. डायोपेट्राचे कल्ले बाटल्या घासायच्या ब्रशसारखे असतात, मधल्या दांड्याभोवती धागे मळसूत्री फिरलेले. ते चौथ्या-पाचव्या केसाळ वलयापासून सुरू होतात. हे एकदा भिंगाखाली पाहिलं की दुसऱ्या कुठल्या कृमीशी गल्लत होत नाही.

मुक्काम असेल तर आणखी एक खात्रीचा उपाय करता येतो. जांभ्या दगडाचे डाळीएवढे लाल चपटे तुकडे पाच-सहा नळ्यांच्या तोंडाशी पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या ओहोटीला पाहा. तुकडा नळीवर चिकटवलेला मिळाला तर घरात मालक आहे. नाही मिळाला तर त्यावरून काही सिद्ध होत नाही, लाटेनंही तो नेलेला असू शकतो. प्लास्टिकचे किंवा बांगड्यांचे तुकडे वापरू नका. तेही तो लावून घेईल, पण ते तिथेच राहतील.

मोजणी

पाण्याच्या कडेपासून वर भरतीरेषेकडे दोरी सरळ ताणा. किनारा रुंद असेल तर दर २० मीटरवर, अरुंद असेल तर दर १० मीटरवर थांबा. प्रत्येक थांब्यावर दोरीच्या डाव्या-उजव्या बाजूला मिळून तीन चौकटी टाका. कुठे टाकायच्या हे डोळ्यांनी ठरवू नका, नाहीतर हात आपोआप नळ्यांच्या झुबक्याकडे जातो. आधीच चिठ्ठ्यांवर १ ते १० आकडे लिहून ठेवा आणि निघेल तितकी पावलं आडवं जाऊन चौकट ठेवा. चौकटीच्या रेषेवर आलेल्या नळ्यांपैकी वरच्या आणि डाव्या बाजूच्या धरायच्या, खालच्या आणि उजव्या सोडायच्या, असा एकच नियम सगळ्यांनी पाळा.

शून्य आलं तर शून्य लिहा. ‘काहीच नव्हतं म्हणून लिहिलं नाही’ ही नवख्यांची सगळ्यात महागडी चूक, कारण नळ्या कुठे नाहीत हे कळल्याशिवाय त्या कुठे का आहेत हे सांगता येत नाही. समजा दहा चौकटींत ०, ०, ३, ०, ११, ७, ०, २, ०, १ असे आकडे आले. बेरीज २४, सरासरी २.४, म्हणजे चौरस मीटरला ९.६ नळ्या. पण विचलनाचा वर्ग, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, काढला तर तो सुमारे १४ येतो, सरासरीच्या जवळजवळ सहापट. नळ्या विखुरलेल्या असत्या तर ही दोन्ही मापं जवळपास सारखी आली असती. इतका फरक म्हणजे त्या झुबक्यांनी आहेत. शून्यं गाळली असती तर सरासरी ४.८ झाली असती आणि घनता दुप्पट.

प्रत्येक थांब्यावर चार नोंदी आणखी करा: पाच सेंटीमीटर खोलीवरचं तापमान, खड्ड्यात झिरपलेल्या पाण्याची क्षारता (रिफ्रॅक्टोमीटर असेल तर), उतार, आणि काळा थर किती खोलीवर लागतो ते. उतारासाठी दोन सारख्या उंचीच्या काठ्या पुरतात: एक वर, एक खाली रोवायची, वरच्या बाजूनं क्षितिजाच्या रेषेत बघायचं आणि उंचीतला फरक मोजायचा. के. ओ. एमरी यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही चालते.

काळ्या थराविषयी जरा थांबून सांगायला हवं. हातानं वीतभर खड्डा केलात तर वरची वाळू तपकिरी, खालची राखाडी ते काळी दिसते आणि सडक्या अंड्यासारखा वास येतो. तिथे ऑक्सिजन संपलेला असतो आणि गंधकाचे जिवाणू काम करत असतात. आता खड्ड्याची एक भिंत एखाद्या नळीच्या अगदी शेजारून, सुरीनं कापल्यासारखी उभी करा. काळ्या वाळूत नळीभोवती तपकिरी म्यान दिसतं. डायोपेट्रा अंग लहरवत नळीतून वरचं ताजं पाणी खाली ओढतो, त्यातला ऑक्सिजन नळीबाहेर झिरपतो आणि भोवतीची वाळू गंजल्यासारखी तांबूस होते. म्यानाची जाडी पट्टी लावून मोजा, फोटो काढा. मेलेल्या नळीभोवती हे म्यान हळूहळू काळं पडतं, म्हणून जिवंत-मृत ओळखायलाही ते उपयोगी. खड्डा लगेच बुजवा.

नळीच्या आडोशाला कोण राहतं

नवख्या गटाला एका फेरीत पूर्ण करता येईल असा खरा प्रश्न हा आहे. १९७८ साली सारा वुडिन यांनी अमेरिकेच्या व्हर्जिनिया किनाऱ्यावरच्या डायोपेट्रा क्युप्रिया या जातीवर दाखवलं की नळ्यांच्या आसपास इतर छोट्या प्राण्यांची संख्या जास्त टिकते, कारण वाळू उकरणाऱ्या खेकड्यांना तिथे नीट उकरता येत नाही. रानात बाभळीच्या काट्यांत गवत टिकावं तसा प्रकार. आपल्या पुळणीवर तेच होतं का, हे पाहायला पाच जोड्या पुरेत: एक नमुना नळी मधोमध घेऊन, दुसरा त्याच पातळीवर एक मीटर आडवं जाऊन, जिथे नळी नाही तिथून. जोडी समुद्राला समांतरच घ्यायची. वर-खाली घेतली तर नळीचा परिणाम आणि पातळीचा परिणाम वेगळे काढता येत नाहीत.

वीस सेंटीमीटरचा एक नमुना म्हणजे सुमारे १.७ लिटर, ओल्या वाळूचे तीन किलोहून जास्त. दहा नमुने पुण्याला न्यायचा विचार सोडा, तिथेच चाळा. बादलीत समुद्राचंच पाणी घ्या. गोड्या पाण्यात हे प्राणी फुगतात, आक्रसतात आणि तुटतात. चाळण अर्धी पाण्यात बुडवून हलक्या हातानं गोल फिरवायची. वरून धार मारलीत तर कृमींचे तुकडे होतात आणि मग एकाचे तीन मोजले जातात. मोजताना नेहमी डोकी मोजायची, शेपट्या नाहीत.

वाळू जाडसर असेल तर ती चाळणीतून जातच नाही. तेव्हा नमुना बादलीत टाकून भरपूर पाणी ओता, हातानं ढवळा, पाच सेकंद थांबा आणि वरचं पाणी चाळणीवर ओता. वाळू खाली बसते, प्राणी हलके असल्यानं पाण्याबरोबर येतात. असं सहा वेळा करा. शेवटच्या दोन खेपांत काही मिळालं नाही तर पुरे, मिळत राहिलं तर चालू ठेवा. शिंपल्यातले जड प्राणी तळाशी राहतात, म्हणून उरलेली वाळू घमेल्यात पसरून एकदा नजर टाकायची.

हातांची काळजी घ्या. ग्लायसेरा नावाचा गुलाबीसर, टोकदार कृमी तोंड उलटं बाहेर फेकतो आणि त्यावरचे चार विषारी जबडे चावतात. पांढऱ्या केसांचे झुपके असलेले देखणे ‘अग्निकृमी’ हातात घेतले तर काचेसारखे केस त्वचेत मोडतात. तसं झालं तर चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढून काढा. उथळ पाण्यात पाय घासत चला म्हणजे पाकट असेल तर बाजूला होईल. आणि घड्याळावर लक्ष एकाकडे सोपवा: सपाट किनाऱ्यावर भरती समोरून येताना दिसते त्याआधी मागच्या खोलगट ओहोळांतून भरलेली असते. ओहोटी वळल्यावर पाऊण तासात सामान आवरायचं.

नमुने टिकवणं आणि पुण्यात पाहणं

जिवंत कृमी थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तो आखडतो, तोंड मिटतो, कल्ले गळतात आणि मग ओळख पटत नाही. आधी बधिर करा. मॅग्नेशियम क्लोराइडचे ओलसर खडे ७५ ग्रॅम एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवून पुण्याहूनच न्या. हे द्रावण आणि समुद्राचं पाणी समसमान घेऊन त्यात कृमी वीस-तीस मिनिटं ठेवा. चिमट्यानं टोचल्यावर हालचाल नसेल तर पुढे जा.

आतली रचना टिकवायला फॉर्मेलीन लागतं: दुकानातल्या फॉर्मेलीनचा एक भाग आणि समुद्राच्या पाण्याचे नऊ भाग. त्यात तळाशी थोडा न विरघळता उरेल इतका टाकणखार घाला, कारण फॉर्मेलीन आम्ल होत जातं आणि डायोपेट्राच्या जबड्यांत चुन्याचा अंश असतो, तो झिजतो. बाटली नमुन्यानं अर्ध्यापेक्षा जास्त भरू नका. दाटीवाटीनं भरलेले नमुने मधून सडतात. फॉर्मेलीन कर्करोगजन्य आहे: हातमोजे, उघडी हवा, आणि प्रयोगशाळेतल्या जाणत्या माणसाची देखरेख हवीच. ते एसटीत किंवा बंद गाडीत सुटं नेऊ नका. दोन-तीन दिवसांनी नमुने पाण्यानं नीट धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये घाला. इथेनॉलवर उत्पादन शुल्काचे नियम असल्यानं ते कॉलेजमार्फतच मिळवावं लागतं. हौशी माणसाला काही महिन्यांपुरतं औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल चालतं. डीएनए काढायचा असेल तर फॉर्मेलीन अजिबात नको, शरीराचा तुकडा सरळ ९५ टक्के इथेनॉलमध्ये.

डायोपेट्राचा अख्खा कृमी मात्र पहिल्या फेरीत मिळवायचा प्रयत्न करू नका. वरून ओढलीत की नळी तुटते आणि कृमी खाली पसार होतो; बाजूनं खणलंत तर हातभर खोल खड्डा करून बहुतेक वेळा अर्धाच हाती लागतो. गमावलेला पुढचा भागही तो पुन्हा वाढवू शकतो, पण म्हणून तो तोडायचा परवाना मिळत नाही. पोर्तुगालच्या आवेइरो खाडीत डायोपेट्रा गळाच्या आमिषासाठी खणून काढतात, आणि तिथे त्या खणण्याचा भोवतीच्या वाळूवर होणारा परिणाम हाच अभ्यासाचा विषय झाला आहे. गटामागे एक-दोन नमुने, तेही ओळख पटवण्यासाठीच.

पुण्यात आल्यावर चाळलेला माल पांढऱ्या ताटलीत थोडा थोडा घेऊन १० ते ४० पट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली वेचा. रोझ बंगाल हा गुलाबी रंग चिमूटभर टाकून रात्रभर ठेवला तर प्राणी गुलाबी आणि वाळू जशीच्या तशी राहते, वेचायचा वेळ निम्म्यावर येतो. मेलेलं शेवाळही थोडं गुलाबी होतं, तेवढं फसायचं नाही. पहिल्यांदा कुळापर्यंत पोचलात तरी भरपूर झालं. डायोपेट्रा कुठल्या जातीचा हे ठरवायला पार्श्वपाद (वलयाच्या बाजूचा पायासारखा भाग) कापून ग्लिसरीनमध्ये काचपट्टीवर घ्यावा लागतो आणि ४०० पटीला कंगव्यासारख्या केसांचे दात मोजावे लागतात. भारतीय पॉलिकीटांसाठी पिएर फॉवेल यांची १९५३ ची ओळखपुस्तिका अजून वापरतात, पण तिच्यात युरोपातल्या जातींची नावं आपल्या किनाऱ्यावरच्या कृमींना सढळ हातानं लावलेली आहेत. तेव्हा ‘डायोपेट्रा नेपोलिटाना’ असं ठोकून लिहिण्यापेक्षा ‘डायोपेट्रा, जात अनिश्चित’ लिहिलेलं जास्त खरं. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाचं पश्चिम क्षेत्रीय केंद्र आहे. पुढचा सल्ला हवा असेल तर कॉलेजचं पत्र, जागेचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि जिवंतपणीचे फोटो घेऊन तिथे विचारा. नुसती बाटली घेऊन गेलात तर कोणालाच काही सांगता येणार नाही.

वाळूच्या कणांचं माप घरीही काढता येतं. प्रत्येक थांब्यावरची २०० ग्रॅम वाळू गोड्या पाण्यानं तीनदा धुवा, म्हणजे मीठ जाईल. पाणी ओतून देताना बारीक गाळ वाहून जाऊ देऊ नका, दरवेळी बसू द्या. मग कडक उन्हात दोन दिवस वाळवा, वजन करा, आणि १, ०.५, ०.२५, ०.१२५ आणि ०.०६३ मिलिमीटरच्या चाळण्यांवरून प्रयोगशाळेत हलवून घ्या. प्रत्येक चाळणीवर उरलेल्या वाळूची टक्केवारी त्या थांब्याच्या नळ्यांच्या आकड्याशेजारी मांडा. ०.१२५ आणि ०.२५ मधली बारीक वाळू आणि ०.०६३ खालचा गाळ, हे दोन रकाने आधी बघा. नळ्यांचे आकडे या रकान्यांबरोबर हलत नसतील तर थांब्यांच्या उंचीकडे वळा, आणि तिथेही मेळ बसला नाही तर रिकाम्या नळ्या जिवंत म्हणून मोजल्या गेल्या का, ते फोटोंवरून तपासा.